आधी आत्मविश्वास, मग वजनकाटा!

जाडी घटली की धीर आपोआप येतो, असा सार्वत्रिक समज आहे. पडद्यावरच्या आणि मंचावरच्या कलावंतांच्या हकिगती मात्र काही वेगळंच सांगतात.

‘गळा छान आहे हो मुलीचा, पण अंगानं जरा कमी असती तर...’

स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की हौशी नाट्यस्पर्धा, प्रेक्षकांच्या रांगेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा बोलून जातो. ज्याच्या कानावर ते पडतं त्याच्या मनात मात्र ते घर करून बसतं. मग एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी वजन उतरवायचं, वजन उतरलं की धीर येईल, धीर आला की मंचावर जायचं. या ‘आधी’पायी कित्येक गुणी माणसं वर्षानुवर्षं विंगेतच उभी राहतात.

कारकुनाचं किंवा दुकानदाराचं वजन वाढलं तर तो त्याचा नि त्याच्या डॉक्टरांचा प्रश्न असतो. कलावंताचं तसं नाही. शरीर हेच त्याचं वाद्य. शेकडो डोळे एकाच वेळी त्याच्यावर रोखलेले असतात, वर कॅमेरा जवळून टिपतो तो वेगळाच. त्यामुळे त्याच्या वजनाला दोन बाजू येतात. एक तब्येतीची, दुसरी स्वतःकडे पाहण्याच्या नजरेची. या दोन्ही बाजू एकच आहेत असं मानलं की घोटाळा होतो. कारण वजनकाटा पहिलीबद्दल थोडंफार सांगू शकतो, दुसरीबद्दल काहीच नाही. गेल्या काही दशकांतल्या नामवंत कलावंतांचे अनुभव पाहिले की हे लख्ख दिसतं.

विनोदाचं लेबल

आपल्याकडे जाड्या बाईला चिडवायचं म्हटलं की एक नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं – टुणटुण! पण टुणटुण म्हणजेच उमादेवी ही मुळात गायिका होती, हे हे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. लहानपणीच पोरकी झालेली ही मुलगी उत्तर प्रदेशातलं आपलं खेडं सोडून मुंबईत आली ती गाण्याच्या ओढीनं. संगीतकार नौशाद यांनी तिला संधी दिली आणि १९४७च्या ‘दर्द’मधली तिची गाणी देशभर गाजली. पुढं पार्श्वगायनाची दुनिया बदलली, नव्या आवाजांची लाट आली. तेव्हा तिचा हसरा, बोलघेवडा स्वभाव पाहून नौशाद यांनीच तिला अभिनयाची वाट दाखवली. १९५०च्या ‘बाबुल’मध्ये ती दिलीपकुमारबरोबर पडद्यावर आली आणि उमादेवीची टुणटुण झाली.

त्यानंतर तिनं दीडशेहून अधिक चित्रपट केले. विनोदाची तिची जाण अस्सल होती, यात वादच नाही. पण लेखक-दिग्दर्शकांनी तिच्याकडून मागितलं ते बहुतेक वेळा एकच, तिच्या आकारावरचं हसू. २००३ साली ती गेली. तिचं नाव चिडवण्यासाठी वापरणाऱ्या समाजाला तिच्या गळ्याचा मात्र विसर पडला होता. जाड माणूस दिसला की त्याच्या अंगचा गुण पाहण्याआधी त्याला विनोदाच्या खणात टाकायचं, ही आपली सवय तिथपासूनची.

भगवानदादांची पावलं

याच काळात, याच मुंबईत, एका मराठी माणसानं हे लेबल आपल्या पायांनी पुसून दाखवलं. भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणीकामगाराचा मुलगा, स्वतःही मजुरी केलेला, कुस्तीचा शौकीन. मूकपटांपासून कामं करत तो पुढं आला आणि १९५१ साली त्यानं ‘अलबेला’ काढला. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच आणि नायकही तोच. समोर गीता बालीसारखी चपळ नायिका.

भगवानदादांचा बांधा नायकाच्या ठरीव साच्यात बसणारा नव्हताच. पण त्यांनी सडपातळ नटासारखं नाचण्याचा आटापिटा केला नाही. मोजकी पावलं, सैल हात, खांद्यांची हलकी लय आणि चेहऱ्यावर मनापासूनचा आनंद, एवढ्या भांडवलावर त्यांनी आपल्या देहाला शोभेल असा नाच घडवला. लोक थिएटरात उठून नाचले. पुढं अमिताभ बच्चनसारख्या उंच्यापुऱ्या नटानं पडद्यावर नाचताना हीच ढब उचलली. म्हणजे ज्या बांध्याला लोक उणेपणा समजत होते, त्यातूनच एक शैली जन्माला आली. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट दादांच्या आयुष्यावर निघाला. त्यात मंगेश देसाईनं दादांची, तर विद्या बालननं गीता बालीची भूमिका केली. विद्याची स्वतःची हकिगतही याच विषयातली आहे. ती पुढं येईलच.

नव्वदीच्या घरातली नायिका

नायिका म्हटली की कमनीय बांधा, ही हिंदी चित्रपटसृष्टीतली जुनी अट. २०१५च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘दम लगा के हईशा’नं ती मोडली. भूमी पेडणेकर ही मुंबईची मुलगी त्याआधी सुमारे सहा वर्षं यशराज फिल्म्सच्या कास्टिंग विभागात सहायक होती. म्हणजे दुसऱ्या मुलींच्या ऑडिशन्स घ्यायच्या, कुठलं पात्र कुणाला शोभेल ते पाहायचं, हे तिचं काम. या चित्रपटासाठी जाड मुलगी हवी होती आणि शोधता शोधता निवड झाली ती तिचीच. ती मुळात अंगानं भरलेलीच होती. भूमिकेसाठी तिनं आणखी वजन चढवलं आणि काटा नव्वदीच्या घरात गेला.

कथा नव्वदच्या दशकातल्या हरिद्वारची. शिक्षण अर्धवट सोडलेल्या, कॅसेटचं दुकान चालवणाऱ्या तरुणाच्या गळ्यात जाड पण शिकलेली, बी.एड. झालेली बायको पडते. ही संध्या रडत बसत नाही. नवऱ्यानं चारचौघांत अपमान केला तेव्हा ती त्याच्या थोबाडीत देते. शरत कटारिया या दिग्दर्शकानं तिच्या जाडीवर विनोद केले नाहीत, तिला माणूस म्हणून उभं केलं. भूमीला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तर चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार.

त्यानंतर तिनं तीस किलोंच्या आसपास वजन उतरवलं. वर्तमानपत्रांनी ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. वाचणाऱ्यांना वाटलं, बारीक झाली आणि हिचं नशीब फळफळलं! क्रम मात्र नेमका उलटा होता. कौतुक आधी झालं, पुरस्कारालाही कामच कारण ठरलं, आणि ते काम तिनं त्या जाड देहानंच केलं होतं. आपण त्या वजनातही स्वतःवर खूश होतो, असं तिनं मुलाखतींतून सांगितलंय. वजन उतरवताना तिनं उपासमार केली नाही. घरचं जेवण, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, ताक, दही, अंड्याचा पांढरा भाग, साखरेला फाटा आणि नेमानं व्यायाम, असा तिचा साधा मार्ग होता आणि तो तिनं चाहत्यांनाही मोकळेपणानं सांगितला. स्वतःचा राग करत घटवलेलं वजन आणि स्वतःशी मैत्री ठेवून घटवलेलं वजन यांत फरक असतो तो असा.

बसून झोपणारा गायक

अदनान सामीची गोष्ट तब्येतीच्या बाजूची आहे, आणि ती जीवन-मरणाची आहे. २०००च्या सुमाराला आशा भोसले यांच्याबरोबरच्या अल्बमनं तो घराघरांत पोहोचला. बोटं पियानोवर विजेसारखी फिरत, गळा मखमली. पण देह दोनशे तीस किलोंच्या घरात गेला. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून त्याला बसूनच झोपावं लागे. २००५-०६च्या सुमाराला तो बराच काळ अंथरुणाला खिळला. वजन उतरलं नाही तर सहा महिन्यांत काहीही होऊ शकतं, असा इशारा डॉक्टरांनी दिला. वडिलांनी गळ घातली आणि तो अमेरिकेत ह्यूस्टनला गेला.

तिथल्या आहारतज्ज्ञांनी त्याच्या ताटाआधी त्याच्या मनाची चौकशी केली. मन उदास झालं की तो खात होता, भूक असो वा नसो. भात, पाव, साखर, तेल बंद झालं. कोशिंबीर, मासे, उकडलेली डाळ अशा गोष्टी ताटात आल्या. व्यायाम सुरुवातीला नव्हताच, कारण त्या वजनात पळणं म्हणजे हृदय नि गुडघे धोक्यात घालणं. सुमारे चाळीस किलो उतरल्यावरच तो ट्रेडमिलवर चढला. दीडेक वर्षात त्याचं वजन निम्म्याहून कमी झालं. लोकांनी शस्त्रक्रियेची कुजबुज केली. पोटाची कुठलीही शस्त्रक्रिया केली नाही, हे त्यानं पुनःपुन्हा सांगितलं आहे. २०१५मध्ये ‘बजरंगी भाईजान’मध्ये कव्वाली गाताना तो पडद्यावर दिसला, तेव्हा अनेकांनी त्याला पटकन ओळखलंच नाही.

इथं ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, अदनानला स्वतःच्या कलेबद्दल शंका नव्हती. दोनशे तीस किलोंतही त्याची स्टेडियम भरत होती. त्यानं वजन उतरवलं ते जगण्यासाठी. म्हणूनच ते टिकलं.

देह बदलला, सूर कसा सांभाळायचा?

गाणाऱ्याचं वजन उतरलं की सगळंच सोपं होतं असंही नाही. पाश्चात्त्य ऑपेरात ध्वनिक्षेपकाशिवाय गावं लागतं. पोट, बरगड्या आणि पाठ यांच्या आधारानं श्वास तोलून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो. अमेरिकन गायिका डेबोरा व्हॉइट हिला २००४ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या एका प्रयोगातून वगळण्यात आलं. कारण? दिग्दर्शकानं योजलेला छोटा काळा झगा तिच्या बांध्याला साजेसा नव्हता! ज्या भूमिकेसाठी तिची जगभर ख्याती होती, तीच भूमिका एका झग्यापायी गेली. बातमी बाहेर आली तेव्हा संगीतजगतात मोठा गदारोळ झाला.

त्याच वर्षी तिनं वजन घटवण्याची पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. पंचेचाळीस किलोंहून अधिक वजन उतरलं. तब्येत सुधारली, मंचावरची हालचाल सुटसुटीत झाली. २००८ साली लंडनला त्याच भूमिकेत तिचं स्वागतही झालं. पण गळ्याला आधार देणारं शरीर बदललं होतं. पूर्वी जो आधार देहाच्या भारानं आपसूक मिळे, तो आता स्नायूंना सांगून मिळवावा लागत होता. श्वासाचा रियाज तिला नव्यानं करावा लागला, हे तिनं स्वतः सांगितलं आहे.

तिच्या आधी पन्नास वर्षं, १९५३-५४च्या सुमाराला, जगद्विख्यात गायिका मारिया कॅलसनं पस्तीसेक किलो वजन उतरवलं होतं. ती मंचावर राजहंसासारखी दिसू लागली, पण तिच्या आवाजाची पुढं झालेली घसरण वजन घटल्यामुळे की अन्य कशामुळे, हा वाद आजही मिटलेला नाही. गाणाऱ्या, शहनाई-बासरी वाजवणाऱ्या किंवा नाट्यपदं म्हणणाऱ्या कुणीही यातून एवढं घ्यावं की, वजन हळूहळू उतरवावं आणि रियाज एकही दिवस सोडू नये. म्हणजे बदलत्या देहाशी गळ्याची सांगड बसत जाते.

वजन गेलं, आरसा तोच

वजन उतरलेल्या अनेकांना एक विचित्र अनुभव येतो. कपडे सैल झालेले असतात, काटा खाली आलेला असतो, पण आरशात पाहिलं की जुनंच शरीर दिसतं. याचं कारण असं की, प्रत्येकाच्या मेंदूत स्वतःच्या देहाचं एक चित्र असतं. ते वर्षानुवर्षांच्या टोमण्यांनी, नजरांनी आणि तुलनांनी रंगवलेलं असतं. देह सहा महिन्यांत बदलतो, हे चित्र मात्र त्या वेगानं बदलत नाही.

अभिनेता अर्जुन कपूरचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. किशोरवयात त्याचं वजन एकशे चाळीस किलोंवर गेलं होतं, जोडीला दम्याचा त्रास. सलमान खानच्या सल्ल्यानं त्यानं सुमारे पन्नास किलो वजन उतरवलं आणि २०१२च्या ‘इशकजादे’तून तो नायक झाला. बाहेरच्यांच्या दृष्टीनं गोष्ट तिथं सुफळ संपूर्ण! पण वजनाशी आणि मनाशी चाललेला आपला झगडा संपलेला नाही, हे तो पुढंही सांगत राहिला. २०२४मध्ये त्यानं थायरॉइडचा विकार आणि सौम्य नैराश्य यांबद्दलही उघडपणे सांगितलं. वजनाकडे केवळ जिभेचे चोचले किंवा आळस म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

विद्या बालनला तर हा अनुभव उलट्या बाजूनं आला. २००७-०८च्या सुमाराला आधुनिक कपड्यांतल्या तिच्या रूपाची समीक्षकांनी भरपूर टिंगल केली. ते कपडे तिच्या बांध्यासाठी बेतलेलेच नव्हते. त्यानंतर तिनं साडी जवळ केली, आपल्याला शोभेल ते नेसू लागली आणि भूमिकाही आपल्याला पेलतील अशा निवडल्या. ‘पा’ आणि ‘इश्किया’नंतर २०११ साली ‘द डर्टी पिक्चर’ आला. त्यासाठी तिनं चक्क वजन वाढवलं, सुटलेलं पोट न लपवता कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आली. तरीही स्वतःच्या शरीराचा कित्येक वर्षं आपल्याला राग होता, हार्मोन्सचा बिघाड जन्मभर सोबत आहे, हे तिनंच पुढं सांगितलं. २०२४मध्ये ती बारीक दिसली तेव्हा तिनं सांगितलेलं कारणही वेगळं होतं. आहारतज्ज्ञांनी तिला न मानवणारे पदार्थ शोधून काढले, त्यात पालक आणि दुधीसारख्या भाज्याही निघाल्या! पण म्हणून कुणी उद्यापासून दुधी बंद करू नये. एकाचं पथ्य दुसऱ्याला कुपथ्य ठरू शकतं.

वजन न घटवताही...

वजन घटवणं हा एकच मार्ग आहे का? वनिता खरात या अभिनेत्रीनं याचं उत्तर आपल्या परीनं दिलं. ‘कबीर सिंग’मधली छोटीशी भूमिका आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांतून ती घरोघरी ओळखीची झाली. २०२१च्या जानेवारीत एका कॅलेंडरसाठी तिनं केवळ एका पतंगाचा आडोसा घेऊन, निर्वस्त्र छायाचित्र काढून घेतलं. आपल्या अंगच्या गुणांचा अभिमान आहे तसाच आपल्या शरीराचाही आहे, हे तिला सांगायचं होतं. काहींनी नाकं मुरडली, बहुतेकांनी पाठ थोपटली. प्रत्येकाला हा मार्ग रुचेल असं नाही, रुचायलाच हवा असंही नाही. पण विनोदी नटीनं स्वतःच्या आकारावर हसू मागत फिरावं, ही जुनी अट तिनं नाकारली, हे महत्त्वाचं. २०१६ साली सचिन कुंडलकरच्या ‘वजनदार’साठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट या दोघी सडपातळ अभिनेत्रींनी वजन वाढवलं होतं, तेव्हाही मराठी प्रेक्षकांनी हा विषय आपलेपणानं पाहिला होता.

घाईचं मोल

नटांच्या झटपट बदलांवरून सामान्य माणसानं मोजमाप काढू नये. ‘दंगल’साठी आमीर खाननं वजन सत्त्याण्णव किलोंपर्यंत नेलं आणि मग काही महिन्यांत उतरवलं, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच्यामागं आहारतज्ज्ञ होते, व्यायामशिक्षक होते आणि दिवसाचे कित्येक तास त्याच कामाला देण्याची सोय होती. कचेरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या बाईला ते जमणार कसं?

घाईनं केलेल्या उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, पाळी चुकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. गायकाचा श्वास तोकडा पडतो, नर्तकीचे पाय थरथरतात. आणि बंधन सुटलं की वजन व्याजासकट परत येतं.

चरबी ओढून काढण्याची लायपोसक्शनची शस्त्रक्रिया हा लठ्ठपणावरचा उपचारच नव्हे. ती एखाद्या जागेची चरबी काढते, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत असते तशी जोखीम तिच्यातही असते. २०२२च्या मे महिन्यात बेंगळुरूत कन्नड मालिकांतली एक अवघ्या एकवीस वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. तिच्या वयाच्या मुलींना ‘कॅमेऱ्यात जाड दिसतेस’ असं सहज सांगणाऱ्यांनी हे विसरू नये.

२०२५मध्ये वेगोव्ही, मौंजारो अशी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही भारतात आली. ती भूक मंदावतात आणि लठ्ठपणाच्या रुग्णांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची औषधं आहेत. मळमळ, उलट्या असे त्रास होऊ शकतात आणि औषध थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा चढतं. लग्नसराईतल्या किंवा स्पर्धेतल्या कार्यक्रमासाठी चार किलो उतरवायला ती नाहीत.

किती, कसं आणि कुणाच्या सल्ल्यानं?

मग वजन घटवूच नये का? जरूर घटवावं, पण गरज असेल तर आणि रीतसर. त्यासाठी काही ठोकताळे असे :

• किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की शरीरभारांक, म्हणजेच बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी २३च्या पुढं वजन जादा आणि २५च्या पुढं लठ्ठपणा मानला जातो. उदाहरणार्थ, १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन साधारण ५५ किलोंच्या आत असावं आणि ते ६०च्या पुढं गेलं तर डॉक्टरांना भेटावं.

• कमरेचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या पुढं गेला तर मधुमेह नि हृदयविकाराचा धोका वाढतो. घरातला शिंप्याचा टेप इथं वजनकाट्यापेक्षा अधिक उपयोगी.

• आठवड्याला अर्धा ते एक किलो हा घट होण्याचा सुरक्षित वेग. पंच्याहत्तर किलो वजनाच्या व्यक्तीनं सहा महिन्यांत चार ते सात किलो उतरवले तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो.

• एक किलो वजन घटलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. कथक किंवा लावणी करणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

• ताटात डाळ, उसळ, ताक, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा असावं, म्हणजे स्नायू टिकतात. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालणं किंवा नाच आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम असावेत.

• वजन कारणाशिवाय वाढत असेल, पाळी अनियमित असेल, सतत थकवा असेल तर आधी थायरॉइड आणि हार्मोन्सची तपासणी करावी. मन उदास झालं की खाण्याकडे हात जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलण्यात कमीपणा नाही.

धीर तालमीत मिळतो

आता राहिली दुसरी बाजू, स्वतःकडे पाहण्याच्या नजरेची. तिचा व्यायाम वेगळा आहे आणि तो आजपासून सुरू करता येतो, वजन कितीही असलं तरी!

पहिली गोष्ट कपड्यांची. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून घट्ट मापाचा पोशाख शिवून ठेवू नये. आजच्या मापाचा, हालचालीला मोकळा पोशाख शिवावा आणि निदान दोन तालमी त्याच पोशाखात कराव्यात. मंचावर पदर किंवा कुडता सारखा ओढत राहणारा कलावंत आपल्या देहाकडे प्रेक्षकांचं लक्ष स्वतःच वेधत असतो.

दुसरी गोष्ट भगवानदादांची शिकवण. आपल्या अंगाला कोणती लय शोभते ते शोधावं. तिसरी, प्रगती मोजायचीच तर किलोंत मोजू नये. एका श्वासात किती लांबची तान जाते, न धापता किती वेळ नाचता येतं, तीन अंकांनंतरही आवाज शाबूत राहतो का, ही कलावंताची खरी मापं. ती सुधारत गेली की वजनही बऱ्याचदा मागोमाग उतरतं, आणि नाही उतरलं तरी कला पुढं गेलेली असते.

चौथी गोष्ट घरच्यांसाठी आहे. कार्यक्रम संपल्यावर मुलगी विंगेतून बाहेर आली की तिला आधी गाण्याबद्दल, अभिनयाबद्दल विचारावं. ‘फोटोत जाड दिसतेस’ हे सांगायला जग तयारच असतं. आईनं किंवा नवऱ्यानं त्यात भर घालायची गरज नाही. तब्येतीची काळजी वाटत असेल तर ती दुसऱ्या दिवशी, चारचौघांत नव्हे तर एकांतात बोलावी, आणि जमलं तर संध्याकाळी तिच्याबरोबर आपणही फिरायला निघावं. घरातल्या एकाच्या ताटात कोशिंबीर आणि बाकीच्यांच्या ताटात भजी, असा पंक्तिप्रपंच करून कुणाचंच वजन उतरत नाही.

स्थूल देहाची मुलगी गाते, नाचते, भूमिका करते तेव्हा तिला हवे असतात ते दोन हात टाळ्या वाजवणारे. ते मिळाले की पुढचं पथ्यपाणी, व्यायाम आणि वजनकाट्याचा हिशेब ती स्वतः पाहायला समर्थ असते.